अप्परबरोबर पिवळे दिवे

नावडे,
सोमवार, सकाळ

प्रिय भिवामामा,

शाळेत शिकवल्याप्रमाणे आधी 'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष' असं लिहिलं, मग खोडलं. तुझ्याशी बोलताना मी कधी विनंती केली होती का? दुसरा कागद घेतला. तुला खाडाखोड दिसणार नाही हे माहीत आहे. तरीही घेतला.

तुला जाऊन पाच महिने झाले. आजच लिहायचं कारण, परवा शनिवारी तुझा ट्रक आमच्या पनवेलच्या वर्कशॉपात आला. त्याच्यावर आता साताऱ्याकडचा नवा ड्रायव्हर आहे. उतरल्या उतरल्या मला म्हणाला, "हे पिवळे दिवे अप्परबरोबर कशापायी जळत्यात? फुकट बॅटरी खात्यात. टाक वायर तोडून."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. ती वायर मी बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा तोडली होती, हे त्याला कुठे माहीत!

मामा, किती हौसेनं आणले होतेस ते दिवे! मिलिटरीच्या लिलावातला माल, एकाची काच तडकलेली. बंपरच्या खाली इतके वाकवून बसवून घेतलेस की आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री हसले. "भिवा, रस्ता बघायचाय की उंदीर?"

"मानसांचं पाय बघायचं हायत," तू म्हणालास.

मला वाटलं, तू नेहमीसारखी चेष्टा करतोस. मी नुकताच वायरिंग शिकलो होतो. सातवी पुरी केली नाही, म्हणून कुठलंही पुस्तक मला देवासारखं. वर्कशॉपातल्या जुन्या पुस्तकाचा अर्थ मिस्त्रींनी सांगितला होता : पिवळे दिवे धुक्यासाठी, अप्पर म्हणजे लांबचा झोत मोकळ्या रस्त्यासाठी, दोन्ही एकदम लावू नयेत, डायनॅमोवर ताण येतो. मी ते वहीत उतरवून खाली रेघ मारली होती. आणि तू? धुक्यात अप्पर बंद करून नुसते पिवळे ठेवायचास, समोरून गाडी आली की झोत खाली घेऊन डिप्पर द्यायचास, ते सगळं बरोबर. पण लख्ख मोकळ्या रस्त्यावरही अप्पर आणि पिवळे दोन्ही चालू! मी तीनदा सांगितलं. तू तिन्ही वेळा एकच बोललास, "तुजं पुस्तक कंदी डोक्यावर पाटी घेऊन पनवेलच्या बाजाराला चालत गेलंय का रं?"

म्हणून मी तुला न विचारता वायर बदलली. पिवळे दिवे डिप्परच्या वायरवर घेतले. अप्पर लागला की ते आपोआप विझणार. जोडणी इतकी स्वच्छ केली होती की मनातून मला तुझी शाबासकी हवी होती. खरंच!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तुझ्या शेजारी बसलो होतो. गाव मागे पडलं, तू अप्पर दिलास आणि पिवळे विझले. "आरं, पिवलं कुठं गेलं?" एवढंच तू म्हणालास. तेवढ्यात डाव्या कडेला आपल्या गावची जनाबाय, आमच्याकडे पाठ, डोक्यावर जवळ्याची पाटी. तू ब्रेक मारलास, हॉर्न दिलास. ती दचकली आणि पाटीसकट शेतात गडगडली.

तिचं मनगट मोडलं. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता.

नंतर मला सगळं कळलं. बायांना डोक्यावर पाटी असताना मान वळवता येत नाही. दुसरा ट्रक आला की त्या लांबूनच खाली उतरून उभ्या राहतात. तुझ्या इंजिनाचा आवाज मात्र त्या ओळखायच्या. भिवाची गाडी म्हणून चालत राहायच्या. अप्परचा झोत लांब पुढे पडायचा, पिवळा उजेड पायाखाली आला की मगच त्या कडेला व्हायच्या. हॉर्न लागायचाच नाही. त्या दिवशी जनाबाय त्या उजेडाची वाट बघत होती. आणि तो मी वहीतली रेघ बघून विझवला होता.

तू गाडीतून उतरलास. माणसं जमली. "काय झालं, भिवा?" तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस. म्हणालास, "डोला लागला मना."

मी तिथेच उभा होतो, मामा! तरी तुला खोटं बोलू दिलं. संध्याकाळी विहिरीवर तू फक्त म्हणालास, "वायर होती तशी जोड. आनि मिस्त्रीला सांगू नको, नायतर घरी बसवील तुना."

मी जोडली. पण गावानं तुला 'घोरणारा भिवा' केलं, ते मला कुठे जोडता आलं? लग्नाच्या पंगतीत कोणीतरी ओरडायचं, "भिवाच्या गाडीत नवरा बसवू नका रं, मांडवाच्या आधी डायवरच झोपंल!" सगळे हसायचे. तूही हसायचास. मी पानावरून अर्धपोटी उठायचो. का हसायचास रे तू? एकदा तरी माझ्यावर ओरडला असतास, तर मला बोलायला तोंड फुटलं असतं.

परवा त्या ड्रायव्हरला मी म्हटलं, वायर तोडू नका, दिवे मामांनी विचार करून लावलेत. तो हसला. गावची थट्टा त्याच्याही कानावर गेली होती. "झोपंत म्हातारी पाडणारा तुझा मामा, आन् दिव्याची अक्कल त्यानं शिकवायची व्हय?"

तेव्हा मी बोललो. मिस्त्रींसमोर, सगळ्यांसमोर. मामा जागे होते, वायर मी तोडली होती, असं सांगितलं. सगळं क्रमानं सांगितलं, काही गाळलं नाही. ड्रायव्हरनं वाकून बंपरखालचे दिवे पाहिले. मग म्हणाला, "म्हंजी बाया अजून त्या उजेडाची वाट बघत्यात?" मी म्हटलं, हो. "मग ऱ्हाऊ दे तसंच," म्हणाला आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

मिस्त्री मात्र हसले नाहीत. "सोमवारी ये, बोलू," एवढंच म्हणाले. आज सोमवार आहे. हे पत्र संपवून निघेन.

काल जनाबायकडे गेलो. तिचं मनगट अजून वाकडं आहे. ओटीवर जवळा निवडत होती. मी उंबऱ्यातच सुरुवात केली, "आये, त्या दिवशी मामाला झोप नव्हती लागली..."

"बस आदी," ती म्हणाली आणि चुलीवर चहा ठेवला.

"आये, वायर मी..."

"मना म्हाईत हाय. तुजा मामा दुसऱ्याच दिशी आलता. बोलला, माजा भाचा येल कंदीतरी सांगाला. घाबरट हाय, टाईम लागंल. तवा त्याला बोलू नको, चाय पाज."

मामा, त्या घरात तू माझ्यासाठी एवढी वर्षं चहा सांगून ठेवला होतास, आणि मी तिच्या ओटीसमोरून मान खाली घालून जात राहिलो! मला का नाही सांगितलंस? की सांगितलं असतंस तर मी गेलोच नसतो, हे तू ओळखून होतास?

चहा खूप गोड होता. मला रडू आलं. तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आता निघतो. मिस्त्रींनी कामावर ठेवलं नाही, तरी तुझ्या ट्रकच्या त्या दोन दिव्यांची जोडणी मी दर महिन्याला बघेन. ते अप्परबरोबर जळत राहतील, जोवर या रस्त्यानं बाया चालत बाजाराला जातात तोवर. आणि मामा, यापुढे माझ्या हातून काही बिघडलं, तर ते सांगायला दुसऱ्याला गाडीतून उतरू देणार नाही. आधी मी उतरेन.

तुझा भाचा,
नामदेव