शून्यावर दोन सह्या

कपाशीची शेवटची कळी सोलून तिला लाल कागद बांधला आणि आता बांधावर बसून तुला लिहिते आहे, आई.

उद्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि मी हसनाबादहून चिपळूणला येऊ शकत नाही. आज सोललेल्या कळ्यांना उद्या सकाळीच दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात, नाहीतर त्या वाया जातात. हा संकरित बियाण्याचा प्रयोग विद्यापीठ आणि बियाणे कंपनी यांचा मिळून आहे. रोजच्या नोंदीखाली कंपनीच्या साहेबांची आणि विद्यापीठाची सही लागते. इथे विद्यापीठाची मी एकटीच.

कामावरच्या लालबी म्हणाल्या, "जा ना म्याडम जल्दी. फुलं आमी बराबर बघतो. सहीचं काय, आमच्याकडं अंगठा न्हाई का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

जेवण चांगलं मिळतं. खोली मोठी आहे, बोललं की आवाज घुमतो.

बाबा घाबरलेत का? आत नेईपर्यंत त्यांचा हात धरून ठेव. ते स्वतःहून मागणार नाहीत.

दोघांच्या पाया पडते.
वृषाली

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी : पहाटेपासून पाऊस आहे. ओले पराग लागत नाहीत, त्यामुळे काम झालं नाही. नोंदीत शून्य लिहून साहेबांनी आणि मी सह्या केल्या.