मी वहीत न लिहिलेले एकसष्ट पास

टॉलिव्हर कॉलेजच्या जिममधील सातव्या विभागातल्या चौसष्ट खुर्च्यांच्या मालकांनो, आपल्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे. राजधानीतल्या वर्तमानपत्रांना आपल्या मुली दिसत नाहीत. त्या जिंकल्या तर शेवटच्या पानावर एक ओळ, हरल्या तर तीही नाही. आपल्या संघाचे नाव 'बगळे' आहे आणि त्यांनी दोनदा 'बदके' छापले आहे. खेळणारीने जीव ओतला आणि मोजणाऱ्याने मोजले नाही, असे आपण वर्षानुवर्षे ओरडत आलो. सर्वांत मोठा आवाज माझाच होता. म्हणून हे मृत्युपत्र वकिलाच्या कपाटात बंद न ठेवता तुमच्यासमोर मोठ्याने वाचले जावे, अशी माझी सूचना आहे. न मोजणाऱ्यांपैकी एक जण राजधानीत नव्हता. तो इथेच, टेबलामागे पेन घेऊन बसला होता.

तो मी, ओरव्हिल ट्रास्क, वय एकाहत्तर, राहणार कटर स्ट्रीट, एल्डर ब्रिज, इंडियाना. चुनखडीच्या खाणीत चाळीस वर्षे पाथरवट, कामगार संघटनेचा माजी सचिव, आणि सव्वीस वर्षे मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या घरच्या सामन्यांचा अधिकृत गुणलेखक. डॉक्टरांनी माझ्या हृदयाविषयी जे सांगितले ते मला समजले आहे. वसंत ऋतू दिसेल याची त्यांना खात्री नाही, मलाही नाही. डोके मात्र शाबूत आहे. हे मी कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबावाखाली मी आयुष्यात काहीच केले नाही, आणि त्या गर्वातूनच माझी चूक झाली. यापूर्वी केलेली दोन मृत्युपत्रे, त्यांतले एक निव्वळ रागाच्या भरात केलेले, मी रद्द करतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी खाणीतला माझा जुना जोडीदार अ‍ॅमॉस रिडेनॉर याने करावी.

कलम १. घर, ट्रक आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझी एकुलती एक मुलगी डेला हिला. स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलने तिच्या उंचीच्या खुणा केलेल्या आहेत. घर विकले तरी ते दार विकू नये. माझी दिवंगत पत्नी व्हर्ना हिची पर्सिमन फळाच्या पुडिंगची कृती पिठाच्या डब्यात आहे. ती शेजारणींना देऊ नये असे व्हर्ना म्हणायची. आता द्यावी.

कलम २. माझी पुस्तके, सुमारे नऊशे, कॉलेजच्या ग्रंथालयाला. समासात मी लेखकांशी भांडलो आहे. ती भांडणे खोडू नयेत. काही ठिकाणी मी हरलोही आहे.

कलम ३. माझ्या छिन्न्या आणि लाकडी हातोडा अ‍ॅमॉसला. जिमच्या दरवाजापाशी जो दगड आहे, त्यावर प्रत्येक दशकाच्या सर्वोत्तम खेळाडूचे नाव कोरतात. आधीची दोन नावे मी कोरली. तिसरे अ‍ॅमॉसने कोरावे. तुम्ही निवडाल ते नाव, मग ते कुणाचेही असो, तितक्याच खोल आणि तितक्याच उंच अक्षरांत.

कलम ४. आता त्या नावाबद्दल. हे कलम लांब आहे. माझ्या सभांना तुम्ही बसला आहात, त्यामुळे तुम्हाला सवय आहे.

आपला रिवाज असा: दर दहा वर्षांनी मार्चमध्ये चर्चच्या तळघरात जेवण, आणि जेवणानंतर मतदान. एका खुर्चीला एक मत. चिठ्ठीवर दोन नावे छापलेली असतात, दशकभरात वहीप्रमाणे गुणांत पहिली आणि असिस्टमध्ये पहिली. असिस्ट म्हणजे ज्या पासवरून लगेच बास्केट होतो तो पास. गुण कुणी केले हे आंधळ्यालाही कळते. असिस्ट मात्र गुणलेखकाने मानला तरच असतो. पास हातात आल्यावर मुलीने थेट चेंडू टाकला तर प्रश्नच नाही. तिने एक टप्पा मारून टाकला, तर द्यायचा की नाही हे टेबलावरच्या माणसाने ठरवायचे. माझा नियम सर्वांना ठाऊक होता: एक टप्पा चालेल, दोन चालणार नाहीत.

या वर्षीच्या चिठ्ठीवर गुणांसाठी शोनिस ग्रिग्ज आहे आणि असिस्टसाठी कारा बेलिंगर, चारशे एकतीस. डेला ट्रास्क २००० ते २००४ खेळली. वहीत तिचे चारशे दोन आहेत. त्यामुळे ती चिठ्ठीवर नाही.

ती वही माझ्या अक्षरातली आहे.

तरुणपणी आमच्या खाणीत एक मुकादम होता. इतरांनी कापलेला दगड तो आपल्या भाच्याच्या नावावर लावायचा. त्याच्याविरुद्ध मी पहिले भाषण केले, त्याला घालवला, आणि तेव्हाच शपथ घेतली की माझ्या हातून नातलगाला झुकते माप कधी मिळणार नाही. मग माझी मुलगी आपल्या संघात आली आणि मी टेबलावर होतो. तिचा पास, शोनिसचा एक टप्पा, बास्केट, आणि माझे पेन थांबायचे. लोक काय म्हणतील? ट्रास्क मुलीचा आकडा फुगवतो? मी नाही लिहायचो. दुसऱ्या कुणाचा तसाच पास आला की लिहायचो. चार वर्षे माझ्याकडे दोन फूटपट्ट्या होत्या, आणि आखूड पट्टी मी घरच्या माणसासाठी ठेवली होती. मुकादमाने जे केले तेच मी उलट्या बाजूने केले. आणि त्यालाच मी तत्त्व म्हणत होतो.

बर्नेट पाइक तेव्हा प्रशिक्षक होते. एका सामन्यानंतर ते टेबलापाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "ओरव्हिल, डोळे तपासून घे. अकरा होते, तू सात लिहिलेस." मी त्यांना सगळ्यांसमोर सुनावले की या वहीवर प्रशिक्षकाचा हुकूम चालत नाही. त्या दिवसापासून सात वर्षे मी त्या माणसाशी हस्तांदोलन केले नाही.

त्याच दिवशी ट्रकमधून घरी येताना डेलाने खिडकीबाहेर बघत विचारले, "डॅड, मी दुसऱ्या कुणाची मुलगी असते, तर आज किती लिहिले असतेस?"

उत्तर एका आकड्याचे होते. मी निःपक्षपातीपणावर भाषण केले. ते भाषण अकरा मैल चालले. तिने मध्येच रेडिओ लावला. पुन्हा तिने ते कधीच विचारले नाही.

या हिवाळ्यात घराबाहेर पडणे बंद झाल्यावर मी ग्रंथपाल मार्था क्विग्ली यांच्याकडून जुन्या सामन्यांच्या टेपा मागवल्या. वेळ जावा एवढाच हेतू होता. पहिल्याच टेपेत तीन सापडले. मग मी चारही हंगामांचे घरचे सामने पाहिले. एका टप्प्याच्या पासांवर झालेले, मी वहीत न घेतलेले बास्केट एकसष्ट निघाले. काराच्या टेपाही पाहिल्या. तिचे एका टप्प्याचे सगळे पास मी घेतले होते आणि ते योग्यच होते. तिची यात काहीही चूक नाही.

डेला रविवारी सूप घेऊन आली तेव्हा मी टीव्हीपुढे कागद घेऊन बसलो होतो. काय मोजतोस, तिने विचारले. मी सांगितले. ती सोफ्याच्या हातावर बसली आणि वीस वर्षांच्या स्वतःला धावताना बराच वेळ पाहत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूश असायचास. गावात सगळे म्हणायचे, ट्रास्कचं पेन विकत मिळत नाही. मला ते ऐकायला आवडायचं रे. शाळेत ज्या मुलींना शिकवते त्यांना मी अजून सांगते." मग ती हसली. "आणि बास्केट तर झालेच ना. शोनिसला विचार."

शोनिसला मी फोन केला. तिच्या मतांवर याने पाणी पडेल, हे तिला आधीच सांगितले. ती म्हणाली, "मिस्टर ट्रास्क, चेंडू कुठून येणार हे मला कधी बघावंच लागलं नाही. मी हात वर करायचे, तो तिथे असायचा. तुम्हाला हे कळायला इतकी वर्षं लागली?" होय, लागली.

डेलाने मला हे प्रकरण उकरून काढू नकोस असे सांगितले आहे. तिला दगडावर नाव नको आहे. आयुष्यभर मी या मुलीचे ऐकले नाही, आताही ऐकत नाही. पण या वेळी तिच्या बाजूने.

डेला, तुझ्या प्रश्नाचे उत्तर अकरा होते. पाइक बरोबर होते. तू दुसऱ्या कुणाची मुलगी असतीस तर मी अकरा लिहिले असते, आणि घरी येऊन तुझ्या आईला सांगितले असते की आज एक मुलगी पाहिली, तिला हॉलमधल्या सगळ्यांच्या जागा न बघता ठाऊक असतात. हे मी तेव्हा तुझ्या आईला सांगत असेच. फक्त तुझ्यासमोर नाही.

कलम ५. तिसऱ्या रांगेतील माझी खुर्ची क्रमांक चौदा, तिच्या मतासह, बर्नेट पाइक यांना. सोबत माझा हात, जो आता मी पुढे करू शकणार नाही. तो मिळाला असे त्यांनी समजावे. शेजारची पंधरा क्रमांकाची व्हर्नाची खुर्ची डेलाला. तिने आजवर फक्त खालून वर पाहिले आहे. आता वरून खाली पाहावे. पाइक फार बोलतात, हे तिने सोसावे.

कलम ६. माझ्या शब्दावर कुणीही मत देऊ नये. मरणाऱ्या बापाचा शब्द हेही झुकते मापच आहे, आणि ते दिले तर मुकादम माझ्यावर हसेल. मार्था क्विग्ली यांनी डेलाचे एकसष्ट पास आणि इतर मुलींचे तसेच एकसष्ट पास एकाच टेपेवर जोडले आहेत. ती पस्तीस मिनिटांची आहे. मी सोयीचे तेवढेच निवडले असा संशय असेल, तर सगळ्या मूळ टेपा ग्रंथालयात आहेत. संशय घ्या, मला राग येणार नाही. चिठ्ठीवर तिसरी ओळ कोरी ठेवण्याची विनंती मी समितीला केली आणि ती मान्य झाली आहे. पाहून झाल्यावर तुम्हाला शोनिस श्रेष्ठ वाटली तर शोनिसला द्या, कारा वाटली तर काराला. मी तक्रार करणार नाही, आणि डेला तर कधीच करत नाही. मात्र न पाहता देऊ नका. न पाहणाऱ्यांशी आपले भांडण आहे.

म्हणून सांगतो. शनिवारी, सत्तावीस मार्चला, संध्याकाळी पाच वाजता, चिकन-नूडल्स वाढायच्या आधी, चर्चच्या तळघरात या. अ‍ॅमॉस दिवे मालवेल आणि टेप लावेल. खिशात पेन्सिल आणा, प्रत्येक पास स्वतः मोजा, आणि मगच चिठ्ठीवर नाव लिहा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ओरव्हिल ट्रास्क
एल्डर ब्रिज, इंडियाना
३० जानेवारी २०१०

आमच्या समोर, एकाच वेळी, एकाच टेबलावर सही झाली. मृत्युपत्र करणारे शुद्धीवर होते आणि दोनदा आमच्याशी वाद घालत होते. या पत्राने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. मार्था क्विग्ली, ग्रंथपाल
२. लॉइड स्टेमन, शेजारी