ब्रेकची पिन

७ जानेवारी
आज पुन्हा ट्रॉलीच्या ब्रेकचं वायरिंग उपटलं नवऱ्याने, शामने! जत्रेत कपडे विकायला जाताना तो पिकअप चालवणार, मी आणि लेक सोनू मागच्या राहायच्या ट्रॉलीत. ट्रॉली सुटली तर पिकअपला बांधलेली दोरी ताणली जाते, स्विचमधली पिन निघते आणि ट्रॉलीची स्वतःची बॅटरी तिचे ब्रेक आवळते. इतकं साधं! पण बॅटरी त्याने डीजेला लावली — तांड्यात लग्न होतं ना! बोलले तर तीच वायर माझ्या पाठीवर ओढली. दोनदा.

"आयटीआय केलं म्हून मले शिकवून राह्यली काय?"

हो, शिकवते!

८ जानेवारी
पाठ सुजली.

१० जानेवारी
बॅटरी परत आणली, जोड पुन्हा सोल्डर केले. जॅक लावून चाक फिरवलं, पिन ओढली — चाक गच्च! सोनू नाचलीच. शामने दोरी ट्रॉली जोडायच्या हुकालाच बांधली होती. सासूबाईही म्हणाल्या, "हूक मजबूत हाय ना!" अहो, हूकच तुटून ट्रॉलीसोबत राहिला तर दोरी ओढणार कोण? मी ती पिकअपच्या चेसीला बांधली.

१३ जानेवारी
गतिरोधकावर पिन निघते म्हणून शामने ती तारेने जखडून टाकली! मी तार कापली. त्याने केस धरून माझं तोंड ट्रॉलीच्या दारावर आपटलं. दात हलतोय. मीही पक्कड त्याच्या मनगटावर हाणली. रक्त आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१६ जानेवारी
निघायचं. सकाळपासून पिऊन बसलाय. किल्ली मागितली तर लाथ घातली. "घाटात दाखवतो तुले, ब्रेक कसे लागतात थे!"

१८ जानेवारी, दवाखाना
घाटात हूक तुटला. पिकअप दरीत गेली. शाम गेला. ट्रॉली रस्त्यावरच थांबली. सोनूच्या कपाळाला तीन टाके.

सासूबाई आधी माझ्या अंगावर धावून आल्या, मग गळ्यात पडून रडल्या. "हूक तुटला, पण तुह्या पिननं नातीले वाचोलं वं!" पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. मी मान डोलावली.

१९ जानेवारी
पिकअप सुसाट होती. सोनू ओरडत होती, "बापू, हळू!" तो हसून आणखी वेग वाढवत होता. मी ट्रॉलीच्या पुढच्या खिडकीतून वाकले आणि पिन ओढली — चाकं गच्च!

हूक त्यानंतर तुटला.