लेथवरचे हातमोजे

प्रिय सम्यक,

जय भीम. पुढे वाचण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते बघ. कोणी असेल तर कागद घडी करून ठेव आणि एकटा असलास की वाच. हसू नकोस. तुझ्या ताईचा स्वभाव तुला माहीत आहे, दूधवाला गोड हसला तरी मला वाटतं आज पाणी जास्त घातलंय. पण आता तुझ्याच फोनवरून येणाऱ्या शब्दांवरही माझा भरवसा राहिलेला नाही. तू सुखरूप आहेस असं तू लिहितोस आणि मला ते खोटं वाटतं.

इथे चारकोपला सगळं ठीक आहे. म्हणजे लिफ्ट बंद आहे, आईचे गुडघे बोंबलतायत आणि पप्पा युद्ध लढतायत. लेथच्या गाळ्यावरून आले की हातपाय धुऊन थेट टीव्हीसमोर. युक्रेनमधल्या ज्या गावांची नावं बातम्या देणाऱ्या बाईला धड उच्चारता येत नाहीत, ती पप्पांना चारकोपच्या सेक्टरांसारखी पाठ झालीत. रशियाने आज हे घेतलं, काल ते सोडलं, नदीच्या अलीकडे किती, पलीकडे किती. सुरुवातीला हेच चॅनलवाले म्हणत होते, आठवड्याभरात निकाल. मग म्हणाले, हिवाळा गेला की. मग म्हणाले, बोलणी सुरू झाली की. तेवढ्यात शेजारच्या प्रांजलचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, ती मुलगी आता आपल्या घरी येऊन रिमोट पळवते, आणि निकाल लागायचाच आहे. पप्पांचं म्हणणं, दोन्ही बाजू दमल्यात, दिवाळीपर्यंत तह होणार आणि पोरगा घरी येणार. कुठल्या दिवाळीपर्यंत ते काही सांगत नाहीत.

मला नाही पटत. तू लिहिलंस, लढाई संपत आलीय, म्हणून करार अजून एक वर्ष वाढवून घेतला. अरे, संपत आलीय तर वर्षभर तू कशाला हवास त्यांना? मी उठले आणि सरळ अंधेरीला केयूरच्या ऑफिसात गेले. हाच तो एजंट, ज्याने आपल्या घरी बसून आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाला, रशियन आर्मीचं रिपेअर वर्कशॉप आहे, लढाईपासून लांब, लेथवर उभं राहायचं, बस. त्याच्या बाहेरच्या बाकड्यावर पासपोर्ट घेऊन नवी पोरं बसली होती. दुकान बंद करणार असते तर नवा माल कशाला भरला असता? त्या बाकड्यावरून मला जे कळलं ते पप्पांच्या नकाशात कुठेच नाही. ही लढाई इतक्यात संपत नाही. दुसऱ्याच्या घरात घुसलेत, ते निघायला तयार नाहीत. ज्यांचं घर आहे ते तरी का सोडतील? आपलं कोण आहे रे तिथे? मी त्या पोरांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की माझा भाऊ यानेच पाठवला, आता भाऊ फोन उचलत नाही. केयूरने मला पाणी विचारलं आणि लगेच दार दाखवलं. एक जण माझ्यामागून जिना उतरला. बाकीचे बसून राहिले.

आता तुझ्या फोटोचं. लेथसमोर उभा राहून काढलेला, खाली लिहिलंयस, बघा, काम मस्त चाललंय. आई खूश झाली, सगळ्या बिल्डिंगला दाखवून आली. पप्पांनी मात्र फोटो बघितला आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर डबा द्यायला गेले तेव्हा ते मशीन बंद करून बसले होते. म्हणाले, पोराने हातमोजे घातलेत. तुला आठवतं ना, तू गाळ्यावर नवीन होतास तेव्हा थंडी वाजते म्हणून मोजे घालून लेथला हात लावलास आणि पप्पांनी सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली होती? लोखंड धरून गरगरणाऱ्या चकमध्ये मोजा अडकला तर हातच आत ओढला जातो. तेव्हापासून तू बोटात अंगठी घातली नाहीस, मनगटावर राखीसुद्धा ठेवत नव्हतास, मी बांधली की संध्याकाळी काढून खिशात. असा तू, जाडजूड चामडी मोजे घालून लेथसमोर हसतोयस. पप्पांना वाटतं ही तू केलेली खूण आहे. पोरगं हुशार आहे, म्हणाले, हे वर्कशॉप खोटं आहे असं मला कळवतोय. त्या दिवसापासून ते मनातून खूश आहेत वेड्यासारखे. तू डोकं चालवतोयस म्हणजे तू ठीक आहेस, असा त्यांचा हिशेब.

मी त्यांना काही बोलले नाही. पण मी तो फोटो मोठा करून करून बघितलाय, सम्यक. डावा हात चाकावर नीट वळलाय. उजव्या मोज्याची बोटं वळलेलीच नाहीत. आत काहीतरी कोंबल्यासारखी ताठ आहेत. आणि पूर्वी तू पानभर टाइप करायचास, जेवणात काय होतं इथपासून. आता दोन शब्द येतात आणि तू गायब.

हे पत्र मुलुंडचे दशरथकाका घेऊन येतायत. त्यांचा चैतन्यही केयूरनेच पाठवला होता, तो तिथल्या हॉस्पिटलात आहे आणि काकांना त्याला भेटायचा व्हिसा मिळालाय. चैतन्य त्यांना फोनवर म्हणाला, शेजारच्या वॉर्डात चारकोपचा एक मराठी मुलगा आहे, सगळ्यांना हसवतो, पण पांघरुणातून उजवा हात बाहेर काढत नाही. ऐकून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तो तूच आहेस ना रे? मग ऐक. पहिली गोष्ट, आता कुठल्याही कागदावर सही करायची नाही, डाव्या हाताने तर नाहीच. केयूरने पाठवलेल्या पोरांच्या आम्ही सगळ्या घरच्यांनी मिळून दिल्लीला परराष्ट्र खात्याकडे अर्ज केलाय, पण तुझ्या फोनवरून तू राजीखुशीने राहिलायस असं येत राहिलं की तिथले लोक आम्हालाच वेड्यात काढतात. म्हणून काका तुझा फोटो काढतील तेव्हा हात पांघरुणातून बाहेर काढ. मोजा नको, पट्टी नको. जेवढा उरलाय तेवढा दाखव. पप्पांना मी सांभाळते, लेथ गेला खड्ड्यात. आणि यंदाची राखी याच पाकिटात आहे. उजव्या मनगटावरच बांधून घे, आणि आता काढून खिशात ठेवायची गरज नाही.

तुझीच,
कोणावर नाही तरी तुझ्या येण्यावर विश्वास ठेवून बसलेली
रश्मीताई