शवपेटीचं वजन

लोअर थॉर्नली, १२ सप्टेंबर १९४२

चि. हेस्टरला इनॉकदादाचे अनेक आ.

पत्र पोचलं. कारखान्यातल्या दारूगोळ्याने तुझे हात पिवळे झाले, हे आईला वाचून दाखवलं नाही.

गावात सिनेमावाले आलेत. त्यांच्या गोष्टीत जमीनदार आणि मजूर एका टेबलावर जेवतात. एका सैनिकाची शवपेटी जमीनदाराच्या बागेतून चर्चला जाते आणि तो स्वतः फाटक उघडून टोपी काढतो. युद्धानंतर सगळं इंग्लंड असंच होणार म्हणे. त्या जमीनदाराचं काम आपले खरे जमीनदार सर जॉसलिनच करताहेत. वीस वर्षं त्या फाटकाला कुलूप घातलेला माणूस कॅमेऱ्यासमोर फार प्रेमळ दिसला.

आई म्हणाली, प्रेत गेलं ती वाट कायमची सगळ्यांची होते, हा जुना रिवाज शेंबडं पोरही जाणतं. आता मी बागेतूनच चर्चला जाणार, असंही म्हणाली. टेकडीचा वळसा तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. सर जॉसलिन हसून म्हणाले की पेटी रिकामी होती, आणि संध्याकाळी कुलूप लावलं. यावर आई म्हणाली, मग मला निजवा तिच्यात.

तुझ्यावर जीव आहे, तो रेशनवर नाही.
इनॉक

बर्मिंगहॅम, २० सप्टेंबर

ती. दादास सा. न.

आईला सांग, घाई करू नकोस. इथे भिंतीवर लिहिलंय, आपण सारे एक. त्याच भिंतीपलीकडे साहेबांची वेगळी खानावळ आहे. रजा मागितली, मिळाली नाही.

तुझी माया अशीच राहू दे.
हेस्टर

लोअर थॉर्नली, ९ ऑक्टोबर

चि. हेस्टरला आ.

तार मिळाली असेलच. मंगळवारी पहाटे आई झोपेतच गेली.

त्याच दिवशी सिनेमावाले परत आले होते. पेटी हलकी दिसते, माणसं बाजाराला निघाल्यासारखी चालतात, म्हणून तो भाग पुन्हा घ्यायचा होता. मी दिग्दर्शकाला आईचं सांगितलं आणि तिची इच्छाही. तो म्हणाला, तुमची मर्जी, निजवा त्यांना पेटीत. पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना खरी असली की झालं. तरी हे बरोबर आहे ना, असं मी रात्रभर देवाला विचारत होतो.

युद्धामुळे चर्चच्या घंटांना बंदी, म्हणून मृत्यूची घंटा वाजली नाही, त्यामुळे लंडनहून आलेल्या सर जॉसलिनना काही कळलं नाही. बुधवारी त्यांनी फाटक उघडलं, टोपी काढली. पेटीवर सैनिकाचा झेंडा होता, आईला शोभला. खरी कबर दिसली तेव्हा ते पांढरे पडले. पण टोपी हातातच होती आणि कॅमेरा चालू होता.

स्वतःला जप.
इनॉक

बर्मिंगहॅम, ४ एप्रिल १९४३

ती. दादास सा. न.

फाटकाला अजून कुलूप नाही, हे तू लिहिलंस ते बरं झालं. सारा देश बघतोय म्हटल्यावर सर जॉसलिन तरी काय करणार.

काल सिनेमा पाहिला. सर जॉसलिननी टोपी काढली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू डावीकडे होतास, ओठ हलत होते. शेजारची बाई म्हणाली, या सिनेमावाल्यांचं सगळं खोटं असतं, पण पेटीत या वेळी काहीतरी जड घातलेलं दिसतंय.

मी म्हटलं, हो. आणि रुमाल काढला.

आईच्या वाटेने जाशील तेव्हा माझीही आठवण ठेव.
हेस्टर