फाटक थांबत नाही

३ मार्च
फाटकाने पिंप चेपलं! आपोआप सरकणारी फाटकं बनवतो आम्ही. मी त्यांच्यात प्रोग्रॅम भरतो. आजपासून मध्ये रिकामं पिंप ठेवून बघायचंही काम माझ्याकडे — आधी कोणी बघतच नसे. पिंप ओढून घेण्याइतकं फाटकाने थांबायचं, मग मिटायचं. हे थांबलंच नाही. इंजिनियर ताईला बोलावलं. तिने आपल्या कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम भरला. फाटक एकदम गरीब गाय! "तुझ्या पिंपातच भूत आहे," म्हणाली.

४ मार्च
मी भरला की चेपतं. ती भरते तेव्हा थांबतं. प्रोग्रॅम तोच! डोकं चालेना.

दादाचा फोन. "इथे तरी टिक रे. तुझ्या पायाला भिंगरी, माझ्या पायात सळई." तो गोदामाच्या दारावर पहारेकरी, चालतो सावकाश. इथे मला त्यानेच चिकटवलं. टिकतो म्हणालो. खापर माझ्यावर फुटलं तर?

६ मार्च
ताईला सापडलं. समजलं तेवढं लिहितो. ती लिहिते ते कंपायलर नावाचा प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत करतो. त्याने किती हुशारी करायची ते आपण ठरवायचं. शून्यावर — सांगितलं तेवढंच करतो. तीनवर — फुकटचं काम दिसलं की छाटतो. फाटकाने थांबावं म्हणून त्याला नुसते आकडे मोजायला लावलेले. कंपायलरला वाटलं, यातून निघतं काय? उडवलं! ताई सगळं शून्यावर नव्याने करते. मी मागच्या इंजिनियरने तीनवर करून ठेवलेला तयार गठ्ठा जोडतो — लायब्ररी म्हणतात त्याला. तसंच सांगितलं होतं मला!

मग चूक कोणाची? सगळेच शहाणे, आणि पिंप चेपलेलं.

७ मार्च
ताईने नवा गठ्ठा केला. पिंप शाबूत. मी विचारलं, आधी गेलेली फाटकं? मालक म्हणाले, "तक्रार आलीये का? मग नसती उठाठेव कशाला!" ताई कॉम्प्युटरकडे वळली. मी पुढचं फाटक जोडायला घेतलं. टिकायचंय ना. पण हे टिकणं म्हणायचं की काय — कळेना.

८ मार्च
दादाचा फोन. खुशीत. "आमच्या गोदामाला नवं फाटक बसलं, गेल्या महिन्यात आलेलं, तुमच्याकडचंच! साहेबांना मीच गळ घातली — म्हटलं, माझ्या धाकट्याच्या हातचं आहे."

वीज काढ त्याची, म्हणालो. हसला.

निघालोय गोदामाकडे. नवा गठ्ठा पेनड्राइव्हवर, खिशात. मालकांना विचारलेलं नाही.