विहीणबाईंना, गोळ्यांच्या कागदाबाबत

सौ. विहीणबाईंना कृतानेक नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत (हे रिवाजाने लिहिलं, त्यात तथ्य किती, ते पुढे कळेलच). व्याह्यांचा खोकला थांबला का? नात चार महिन्यांची झाली. वजन चांगलं आहे आणि आवाज वजनापेक्षा चांगला आहे.

आता आपल्या लेकीच्या सांध्यांविषयी. तुम्ही फोनवर तिच्याकडून एक बाजू ऐकली असेलच, दुसरी मी लिहितो. मी छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे छापलेलं काही न वाचता सोडणं मला जमत नाही. बाळ महिन्याचं असताना सूनबाईच्या गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद माझ्या हाती लागला. अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. भिंग लावून वाचलं तर पहिल्याच ओळीत मलेरिया. मी हादरलो. घरात कुणी बोललं नाही म्हणजे पोरगी मनातल्या मनात सोसते आहे, असं समजून मी खिडक्यांना जाळ्या ठोकल्या, कुंड्यांखालच्या बशा ओतल्या, शेजाऱ्यांच्याही ओतल्या (ते अजून बोलत नाहीत). शेवटी सूनबाईच म्हणाली, "बाबा, ही गोळी मलेरियावरही चालते आणि सांध्यांवरही. मला मलेरिया नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. पण कागदाला मागची बाजू होती. तिथे लिहिलं होतं की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. मी वाचलं ते एवढंच, की घेऊ नये. मधले दोन शब्द कुठे गेले, देव जाणे. त्यानंतर गोळ्या घरात दिसेनाशा झाल्या. सूनबाईने चार दिवस शोधल्या, मग मी तिला छापील पुरावा दाखवला. बाळाच्या काळजीने तीही घाबरली आणि तिने गोळ्या परत मागितल्या नाहीत.

पाचसहा आठवड्यांत तिची बोटं सुजली. तुम्हाला माहीत आहे, ती घड्याळं दुरुस्त करते. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारी मुलगी. तिला बाळाच्या झबल्याचं बटण सुटेना. मी कळवळून माझ्या गुडघ्याची वेदनाशामक गोळी पुढे केली (डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून स्वतःच्या खिशातली देणारा मीच). तिने ती घेतली नाही, एवढी अक्कल घरात शिल्लक होती. एका सकाळी चिरंजीव कामावर गेलेले, आमच्या सौ. बाहेर, आणि बाळ रडतंय. सूनबाई खुर्चीत बसून म्हणाली, "बाबा, हिला माझ्या मांडीवर ठेवा, पण तुमचे हात काढू नका. माझ्या हातांचा भरवसा नाही." विहीणबाई, मी हात काढले नाहीत. पण त्या दहा मिनिटांत माझ्या वाचनाची सगळी मिजास उतरली.

दुपारी चिरंजीवांना कामावरून बोलावून आम्ही सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, गोळी कोणी बंद केली? सूनबाई बाळाकडे बघत राहिली, चिरंजीव छताकडे, आणि मी सरळ सांगून टाकलं. बाई चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "तिची आधीची, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बाळाला चालणारी नव्हती, म्हणून दिवस राहायच्या कितीतरी महिने आधीच मी ती थांबवली. ही मात्र मुद्दाम चालू ठेवली. दुधातून फारच थोडी जाते. बाळंतपणानंतर सांधे उसळतात, तेव्हाच तिची गरज जास्त असते. सल्ला मीच दिला होता, आजोबा. तो शब्द तुम्ही वाचलाच नाहीत." मग त्यांनी ती गोळी पुन्हा सुरू केली, जोडीला थोड्या दिवसांसाठी पाजताना चालणारी आणखी एक दिली, आणि माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवून घेतली.

आता सूज उतरते आहे. सकाळी बोटं अजून कुरकुरतात, पण बटण सुटतं. सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

आपला, लाजलेला व्याही

ता. क. रविवारी तुम्ही लेकीला आणि नातीला घेऊन जायला येणार असं कळलं. तुमचा हक्क आहे, मी आड येणार नाही. फक्त महिन्याने पुन्हा दाखवायला सांगितलं आहे, आणि तुमच्या गावाहून ते लांब पडेल. तेव्हा न्यायला न येता राहायलाच यावं. मोठी खोली मी रिकामी केली आहे. खरं तर पत्र एवढ्याचसाठी.

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी सूनबाईने पत्र मागून घेतलं. खालचं अक्षर तिचं आहे, थोडं वाकडं, पण तिचंच.

आई, बाबांना मी अजून माफ केलेलं नाही, त्यांनी वर काहीही सुचवलेलं असो. पण न्यायला येऊ नकोस. ही फक्त त्यांच्याच खांद्यावर झोपते.